दारव्हा ते मुंबई, फरक 3,980 रुपये : एका भूकरमापकाच्या बापाचं खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या कर्मचाऱ्यांचं वेतन आणि भत्ते ठरवणारे मंत्रीमहोदय, सचिव आणि समित्यांचे सदस्य यांस,

सविनय नमस्कार.

मी दारव्हा तालुक्यातला कास्तकार. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, त्यात पऱ्हाटी, सोयाबीन आणि तूर असते. माझा मोठा मुलगा भूमि अभिलेख विभागात भूकरमापक, म्हणजे जमिनीची सरकारी मोजणी करणारा कर्मचारी आहे, मुंबईजवळच्या एका कार्यालयात. हे पत्र लिहा असं त्यानं मला सांगितलेलं नाही. विचारलं असतं तर नकोच म्हणाला असता, म्हणून विचारलंही नाही. त्याच्या कार्यालयाचं नाव लिहीत नाही. तिथल्या साहेबांविषयी माझी काही तक्रार नाही. पगार ते ठरवत नाहीत, तुम्ही ठरवता.

हे काम त्याच्या डोक्यात कसं शिरलं ते आधी सांगतो, कारण या लोकांचं मोल मला तिथूनच कळलं.

माझं आणि माझ्या चुलतभावाचं वावर लागून आहे. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वखराच्या दोन तासांएवढ्या पट्ट्यावरून आमचं बोलणं बंद झालं होतं. एकदा गोष्ट कुऱ्हाडीपर्यंत गेली, गावातल्या चार लोकांनी मधे पडून ती सोडवली. शेवटी मोजणीचे पैसे भरले आणि 2012 च्या एप्रिलात तारीख लागली. भूकरमापक साहेब सकाळी सातला फाट्यावर एस.टी.तून उतरले, तिथून माझ्या बंडीत. पन्नाशीचे असतील, डोक्याला दुपट्टा बांधलेला. सोबत प्लेन टेबलची फळी, तिपाई, साखळी, झेंडे आणि कापडात गुंडाळलेली जुन्या मोजणीच्या टिपणाची नक्कल. झेंडा धरायला माणूस कमी पडला म्हणून माझ्या पोराला उभं केलं. आठवीत होता.

ऊन किती होतं ते यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला सांगायला नको. साहेब दुपारपर्यंत एकदाही सावलीत बसले नाहीत. एकच्या सुमाराला बाभळीच्या बुडाशी थांबले, टिपणावर बोट फिरवलं, चार पावलं मागं सरकले आणि चपलेच्या टोकानं मातीवर रेघ ओढली. म्हणाले, "इथं खोदा." हातभर खोदलं आणि सब्बल दगडावर वाजली. हद्दीचा दगड. माझ्या बापानं तो कधी पाहिला नव्हता, आज्यानंही पाहिला नसावा. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात शंकू-साखळीची मोजणी झाली, तेव्हाच्या कागदावर कोणीतरी मांडून ठेवलेला आकडा या माणसानं माझ्या वावरात उतरवला. चुलतभाऊ दगडाकडं पाहत राहिला, मीही पाहत राहिलो. पंचनाम्यावर दोघांनी सह्या केल्या. महिनाभरानं त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आमच्या घरी आली.

पोरगं त्या रात्री म्हणालं, "बाबा, मले हेच काम शिकाचं हाय."

त्यानं दोन वर्षांचा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड केला, मग टंकलेखनाच्या परीक्षा दिल्या, मग वाट पाहिली. 2021 च्या डिसेंबरात 1,013 जागांची जाहिरात निघाली. अमरावती विभागात 108 जागा होत्या, मुंबई ज्यात येते त्या कोकण विभागात 244. अर्ज करताना विभाग निवडावा लागतो. जिथं जागा जास्त तिथं अर्ज टाकायचा, हा हिशोब विदर्भातल्या शेकडो पोरांनी केला, यानंही केला. नोव्हेंबर 2022 मध्ये परीक्षा झाली आणि 2023 मध्ये तो रुजू झाला. नुकत्याच झालेल्या भरतीतही तेच चित्र : 903 जागा, त्यांतल्या कोकणात 259, अमरावतीत 117. म्हणजे आमच्याकडची पोरं पुन्हा तिकडंच जाणार. म्हणूनच हे पत्र माझ्या एका पोरापुरतं नाही.

आता पगाराचं. भूकरमापकाची वेतनश्रेणी एस-6, म्हणजे 19,900 ते 63,200. नवा लागलेला पोरगा धरा. मूळ वेतन 19,900. त्यावर 1 जानेवारी 2025 पासूनचा 55 टक्के महागाई भत्ता, 10,945. मुंबईचं घरभाडं 30 टक्के, 5,970. झाले 36,815. त्यातून मूळ वेतन आणि महागाई भत्त्यावर पेन्शनचे 10 टक्के म्हणजे 3,085 जातात, व्यवसाय कर 200 जातो. बाकी बारीकसारीक मिळणं-कापणं धरून हातात 33-34 हजार येतात.

आमच्या गावात हा आकडा ऐकून लोक म्हणतात, आता तुला काय पाहिजे? खरं आहे. हा पगार दारव्ह्यात मिळाला असता तर मी हे पत्र लिहिलं नसतं. घरचं छप्पर, घरची डाळ, घरची ज्वारी, आणि कार्यालय मोटरसायकलनं अर्ध्या तासावर.

पण दारव्ह्यात त्याला किती मिळाले असते? मूळ वेतन तेच, महागाई भत्ता तोच. फक्त घरभाडं 30 टक्क्यांऐवजी 10 टक्के, म्हणजे 1,990. दोन्हींतला फरक 3,980 रुपये. प्रवासभत्ता आणि स्थानिक पूरक भत्ता धरला तर आणखी काहीशे. घरभाड्यासाठी केलेल्या गावांच्या वर्गवारीत दारव्हा झेड वर्गात, मुंबई एक्स वर्गात. या दोन गावांत राहण्याच्या खर्चाचा फरक शासनाच्या कागदावर साधारण चार हजार रुपये आहे. हे मी चार वेळा मांडून पाहिलं. आधी वाटलं आपलंच गणित चुकतंय. मग पोराची पगारपत्रिका मागवून पाहिली, गणित बरोबर होतं.

चार हजारांत मुंबईत काय येतं ते मी डोळ्यांनी पाहून आलो. पहिली दोन वर्षं तो तिघांत राहायचा. एक वाशिमचा, एक बुलढाण्याचा, एक हा. खोलीचं भाडं तिघांत वाटलं जायचं आणि चालून जायचं. वाशिमचे गृहस्थ वयानं मोठे, बारा वर्षं नोकरी झालेली, बायको आणि दोन लेकरं गावाकडं. ते दिवाळीला आणि उन्हाळ्यात घरी जातात. धाकट्या मुलीला ताप आला की व्हिडिओ कॉलवर थर्मामीटर दाखवायला लावतात. मी तिथं होतो त्या रात्री त्यांनी तिला तीन वेळा फोन केला. त्यांच्याकडं पाहून मला कळलं की हा पगार एका माणसाच्या पोटाला पुरेल असा बांधला आहे. संसार त्यात धरलेलाच नाही.

2025 च्या उन्हाळ्यात माझ्या पोराचं लग्न झालं. सूनबाईच्या वडिलांनी पहिला प्रश्न विचारला होता, "मुंबईत घर आहे का?" मी म्हणालो, भाड्यानं घेईल. कार्यालयाच्या जवळपास एका खोलीचे वीस हजार सांगितले. म्हणून दोघं बदलापूरला गेले, स्टेशनपासून लांब, 8,500 भाडं आणि 50,000 डिपॉझिट. दलालाचं एक महिन्याचं भाडं वेगळं. डिपॉझिट मी दिलं. ठेवलेला सात क्विंटल कापूस त्यासाठी विकला. माझ्या कोरडवाहू वावरात दोन एकरांतून साधारण एवढाच निघतो. सरकारी नोकरीवाल्या पोराला गावातून पैसे पाठवावे लागतात हे मी कोणाला सांगत नाही. आज इथं पहिल्यांदा लिहितो आहे.

बदलापूर ते मुंबईचं मुख्य स्टेशन 68 किलोमीटर. तो सकाळी सव्वासहाला निघतो, रात्री साडेनऊला येतो. मी आठ दिवस राहिलो, त्यातले सहा दिवस त्याचं-माझं बोलणं जेवताना झालं तेवढंच. खोली मी पावलांनी मोजली, सवय आहे. लांबी पाच पावलं, रुंदी चार. रात्री मी पलंगाखाली पाय घालून झोपायचो, कारण मोरीकडं डोकं केलं तर सुनेला पहाटे पाणी भरता येत नव्हतं. खर्च त्यानंच वहीत लिहून ठेवला आहे : भाडं 8,500, किराणा-दूध-भाजी-गॅस 9,000, लाइट आणि सोसायटीचे 1,200, रेल्वे-रिक्षा 2,500. मला पीककर्जाच्या हप्त्यासाठी 5,000 पाठवतो. विमा, फोन, औषधपाणी. महिन्याच्या बावीस-तेवीस तारखेला त्याचा फोन येतो तेव्हा "सगळं बरं आहे" हे तो ज्या आवाजात म्हणतो, त्यावरून त्याची माय ओळखते.

आणि हा माणूस दिवसभर मोजतो काय? आमच्याकडं जमिनीचं बोलणं एकरात होतं. तिथं चौरस फुटात होतं. एका गुंठ्यात 1,089 चौरस फूट असतात आणि तिथल्या गुंठ्याची किंमत मला ऐकूनही समजत नाही. जुन्या चाळीचा पुनर्विकास असो, रस्ता रुंद करायचा असो, मिळकत पत्रिकेवरचं क्षेत्र आणि जागेवरचं क्षेत्र जुळत नसो, आधी मोजणी लागते. तो सांगतो, भिंत सहा इंच पुढं आली की दोन्हीकडून वकील उभे राहतात. मोजणीचं ईटीएस मशीन आणि तिपाई खांद्यावर घेऊन गल्ली-बोळातून, डोंगरउतारावर, खाडीच्या चिखलात जावं लागतं. आता उपग्रहावरून जागा सांगणारे रोव्हर आले, राज्यात 77 ठिकाणी उपग्रहाशी जोडलेली कॉर्स (CORS) स्टेशनं उभी राहिली, मोजणी पुष्कळ लवकर होते. पण यंत्र आकडा देतं. जुना नकाशा, ताबा, लगतच्या लोकांचं म्हणणं आणि तो आकडा यांचा मेळ घालून नकाशावर सही माणूसच करतो. ती चुकली तर कोर्टात त्यालाच उभं राहावं लागतं.

समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला, 701 किलोमीटर. आमच्या विदर्भातून तो गेला तेव्हा संयुक्त मोजणीला कोण आलं होतं, हे ज्यांची वावरं गेली त्यांना विचारा. भूकरमापकानं खुंटी ठोकल्याशिवाय ना रस्ता होतो, ना धरण, ना मोबदला मिळतो.

एक अवघड गोष्टही लिहितो. मोजणीवाला म्हटलं की लोक खिशाकडं हात नेतात. हे खरं आहे आणि मला त्याची लाज वाटते, कारण आता माझं पोरगं त्यांच्यात आहे. तो रुजू व्हायला निघाला तेव्हा मूर्तिजापूर स्टेशनवर, विदर्भ एक्स्प्रेसची वाट पाहताना मी त्याला सांगितलं होतं की कमी खाशील तरी चालेल, पण कोणाच्या धुऱ्याचे पैसे घरात आणू नको. त्यानं आजवर ते पाळलं. पैसे घेणाऱ्याला मी पगाराची सबब कधीच देणार नाही. पण ज्याच्या सहीवर कोट्यवधींचा व्यवहार अडतो, त्याला तुम्ही महिनाअखेर उसनवारीवर ठेवता, हे शहाणपणाचं नाही. जो प्रामाणिक आहे त्याला त्याच्या प्रामाणिकपणाचा खर्च आपल्या बायकोच्या वाट्याला घालावा लागतो, मीही त्यासाठी कापूस विकतो.

मी बारावी शिकलेला माणूस, पण जाहिराती वाचता येतात. स्थापत्य अभियांत्रिकी सहाय्यक या पदाला दहावी आणि एक वर्षाचा अभ्यासक्रम लागतो. वेतनश्रेणी एस-8, म्हणजे 25,500 ते 81,100. तलाठ्यालाही, ज्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एस-8. त्यांना जास्त मिळतं याचं मला दुःख नाही, त्यांचंही काम कमी नाही. पण भूकरमापकाला स्थापत्य पदविका लागते, नाहीतर दहावीनंतर दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेड. मग त्याला एस-6 का? सातबारा लिहिणारा एस-8 आणि त्या सातबाऱ्यातली जमीन वावरात उभी करून दाखवणारा एस-6, याचं कारण मला कुठंच वाचायला मिळालं नाही. मूळ वेतनात हा फरक 5,600 चा आहे. 55 टक्के महागाई भत्ता आणि मुंबईचं घरभाडं धरलं की महिन्याला 10,360 रुपये होतात. बदलापूरच्या खोलीचं भाडं भागून वर उरतील एवढे.

तांत्रिक वेतनश्रेणीची मागणी भूमि अभिलेखचे कर्मचारी कित्येक वर्षं करत आले. वेतनातल्या त्रुटी पाहायला बक्षी समिती झाली, पुढं खुल्लर समिती झाली. 2025 च्या भरतीची जाहिरात मी पोराच्या मोबाइलवर उघडून पाहिली तेव्हा भूकरमापकासमोर आकडा तोच होता, 19,900. आता केंद्रानं आठवा वेतन आयोग नेमला आहे. राज्यही आज ना उद्या त्यामागं जाईल आणि पुन्हा सगळे तक्ते मांडले जातील. ते मांडायच्या आधी हे पत्र तुमच्या टेबलावर असावं म्हणून आत्ता लिहितो आहे.

भूकरमापकाला एस-8 द्या, ही माझी पहिली विनंती. ती फक्त मुंबईवाल्यांसाठी नाही, गडचिरोलीत नाले ओलांडून मोजणीला जाणाऱ्यालाही ती लागू व्हावी.

घरभाड्याची पद्धत मात्र मुंबईसाठी वेगळी करावीच लागेल. घरमालक पगाराची टक्केवारी पाहून भाडं सांगत नाही. तुमच्या पद्धतीत ज्याचं मूळ वेतन लाखाच्या वर त्याला 30 टक्क्यांचे तीस हजार मिळतात, आणि 19,900 वाल्याला सहा हजारही पूर्ण मिळत नाहीत. खोली मात्र दोघांनाही त्याच बाजारातून घ्यायची असते. 2019 साली सातव्या आयोगाचे दर लावताना तुम्ही मोठ्या शहरांसाठी किमान 5,400 रुपये ठरवले होते. म्हणजे टक्केवारी खालच्या माणसाला पुरत नाही हे तेव्हाच तुमच्या ध्यानात आलं होतं. तोच किमान आकडा आता त्या शहरातल्या एका खोलीच्या खऱ्या भाड्याला धरून ठरवा, आणि दर दोन-तीन वर्षांनी तपासा.

सरकारी घरांची यादी लांब आहे, खालच्या माणसाचा नंबर लागत नाही, हे मी ऐकून आहे. पण मुंबई-ठाण्यात शासनाची रिकामी जागा कुठं किती आहे हे या विभागाइतकं कोणाला ठाऊक आहे? त्यांच्याच पोरांनी मोजलेली आहे. नव्यानं रुजू होणाऱ्यांसाठी निदान पहिल्या तीन वर्षांपुरतं एक वसतिगृह बांधा. साध्या खोल्या चालतील, माफक भाडं घ्या. ही पोरं तक्रार करणारी नाहीत, आश्रमशाळांच्या आणि समाजकल्याणच्या वसतिगृहांतून शिकून आलेली आहेत.

आणि परत यायची वाट ठेवा. पद विभागाचं असल्यामुळं कोकणात लागलेला तिथंच अडकतो. दुसऱ्या विभागात यायचं तर सेवाज्येष्ठता सोडावी लागते. ठरावीक वर्षं मुंबईत काढली की ज्येष्ठता राखून आपल्या विभागात येता येईल असा नियम झाला, तर वाशिमच्या त्या गृहस्थांना लेकरांचा ताप हातानं पाहता येईल. आमच्याकडंही काम पडून आहेच. माझ्या शेजारच्या वावरवाल्यानं पोटहिस्सा पाडायला अर्ज केला आहे, तारखेची वाट पाहतो आहे. लवकर हवी तर द्रुतगतीचे जास्त पैसे भरावे लागतात, ते त्याच्याकडं नाहीत. इथं मोजायला माणूस कमी, आणि इथला माणूस तिथं अर्धं आयुष्य लोकलमध्ये उभा.

त्याच्या खोलीचा अकरा महिन्यांचा करार 31 मार्चला संपतो आहे. मालकानं पुढच्या करारासाठी 9,500 सांगितले आहेत, नाहीतर खोली सोडा म्हणाला. या आठवड्यात कारंजाहून ट्रॅव्हल्सवर त्याच्यासाठी कट्टा टाकतो आहे, पंधरा किलो तुरीची डाळ, वीस किलो ज्वारी, तिखट, आणि सुनेनं सांगितलेले सांडगे. पोचवायचे दोनशे घेतात, ते मी इथंच देतो.

तुमच्याकडून काही उत्तर येणार असेल तर मार्चच्या आधी यावं, एवढी विनंती.

आपला नम्र,
एका भूकरमापकाचा बाप
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
डिसेंबर 2025